माचणूरच्या छावणीतला बादशाह

रविवारी मंगळवेढ्याजवळच्या माचणूरला जाऊन आलो. सिद्धेश्वराचं दर्शन घेतलं, घाटाच्या पायरीवर बसून कडक भाकरी अन् शेंगा चटणी खाल्ली, समोर भीमा, मागं किल्ल्याचा तट, आणि डोक्यात एकच की ह्याच काठावर १६९५ ते १६९९ औरंगजेब तंबू ठोकून बसला होता, शेजारच्या ब्रह्मपुरीचं नाव बदलून इस्लामपुरी केलं होतं त्यानं.

त्याचा विषय निघाला की आपल्या ग्रुपवर लगेच भांडणं लागतात, पण त्याला डोळ्यांनी बघितलेली माणसं काय लिहून गेलीत ते कुणी वाचत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. जेमेली कारेरी नावाचा इटालियन प्रवासी १६९५ मध्येच कृष्णाकाठी गलगलीच्या छावणीत त्याला भेटला. बुटका, किडकिडीत, मोठं नाक, वयानं वाकलेला, पांढरी दाढी. आणि पंचाहत्तरी ओलांडलेला हा म्हातारा चष्मा न लावता स्वतःच्या हातानं लोकांच्या अर्जांवर शेरे मारतोय, ते पण हसऱ्या चेहऱ्यानं! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पटेचना, संभाजी महाराजांना १६८९ मध्ये हाल हाल करून मारणारा तो हाच का? हाच.

पण खरं आत लागलं ते भीमसेन सक्सेनाचं. हा बऱ्हाणपूरचा कायस्थ, मोगल सरदार दलपतराव बुंदेल्याच्या पदरी, म्हणजे मोगलांचंच मीठ खाणारा, सगळा जन्म दक्षिणेच्या मोहिमांत गेलेला. तो फारसीत लिहून ठेवतो की बादशाहाला कशाची कमी नाही, तरी नुसत्या दगडांच्या ढिगांसाठी, म्हणजे गडांसाठी, धापा टाकत पळतोय. आपला माणूस नव्हता ओ तो, त्यांच्याच छावणीतला होता! विजापूर पडलं, गोवळकोंडा पडला, तरी १६९९ ला इथून उठून हा वसंतगड, सातारा, परळी (सज्जनगड), पन्हाळा करत निघाला, आणि घेतलेले गड मराठे परत घेतच राहिले.

आणि तोंडावर लोक काय बोलायचे ते बघा. ऑक्टोबर १७०० मध्ये आपल्या सांगोल्याजवळ खवासपूरला छावणी होती, रात्री माण नदीला पूर आला, पाणी तंबूपर्यंत आलं असं वाटून बादशाह धडपडत निघाला अन् पडला, उजवा गुडघा निखळला तो नीट बसलाच नाही, कायमचा लंगडत राहिला. दरबारी खुशामत करत म्हणाले, हा तर आपल्या लंगड्या पूर्वजाचा, तैमूरलंगाचा वारसा! एवढ्या मोठ्या सैन्यात खरं बोलायला कुणाची जीभ रेटत नव्हती, भीमसेनसारख्यानं ते कागदावर तरी उतरवलं.

माणचं कोरडं पात्र बघून आमच्या पोरांना तो पूर खरा वाटत नाही. पुढच्या रविवारी त्यांना खवासपूरला घेऊन जाणार आहे, कुणाला यायचं असेल तर कळवा.