‘तुम्ही स्वतः किती जणांना फोन केलात?’

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, म्हणून उत्तर लगेच लिहिलं नाही. नोकरी सोडून तीन वर्षं झाली, आमच्या अकरा जणांच्या टोळक्यातले दोघंच संपर्कात उरले, बाकीचे मतलबी निघाले, असं मी लिहिलं होतं. तुम्ही विचारलंत, ‘तुम्ही स्वतः किती जणांना फोन केलात?’ आणि पुढे म्हणालात, मनापासून जपली तर कुठलीही मैत्री टिकते.

पहिल्या प्रश्नासाठी जुने मेसेज काढून बसले. बाकीच्यांपैकी चौघांनी आपणहून विचारपूस केली होती. त्यातल्या दोघींना मी उत्तरच दिलेलं नाही. ‘नवीन जागा कशी आहे?’ असं एकीनं विचारलं होतं, मी रुजू झाल्याच्या आठवड्यातच. तेव्हा जागा कशी आहे हे मलाच कळत नव्हतं. निवांत लिहू म्हटलं, ते राहिलं ते राहिलंच. फोन तर मी कुणालाच केला नव्हता. ‘मतलबी’ हा शब्द मागे घेते.

पण ‘मनापासून जपली तर’ हे मात्र पटत नाही. मन होतं हो, विषय नव्हता. शेजारच्या टेबलावर सहा वर्षं बसलेल्या मैत्रिणीचं सांगते (ती उरलेल्या दोघांतली नाही, यावरून काय ते ओळखा). सोडल्यावर तिचा पहिला फोन आला तेव्हा पाऊण तास साहेबांच्या नकला चालल्या. दुसऱ्या वेळी तिनं एक भन्नाट किस्सा सांगितला, पण त्यातली तीन माणसं मी सोडल्यावर आलेली. प्रत्येक जण कोण, कुठे बसतो, हे सांगता सांगता किस्साच विझला. तिसऱ्या फोनमध्ये आम्ही दोघी आळीपाळीनं ‘बाकी काय?’ म्हणत होतो. त्यानंतर चौथा झाला नाही. यात कुणी कुणाला फसवलं?

कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांचा २०१८ सालचा एक अभ्यास आहे. ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास सोबत घालवावे लागतात, जवळच्या मैत्रीला २०० हून जास्त, असा त्यांचा अंदाज. पण सोबत काम करण्यात गेलेले तास त्या मानानं फारसे कामी येत नाहीत, हेही त्यांना दिसलं. मी आमचे तास हजारांत धरत होते. त्यातले निव्वळ गप्पांचे किती, ते मोजायचं धाडस केलेलं नाही.

उरलेल्या दोघांतले एक अकाउंट्सचे काका आहेत, आणि हे मागच्या वेळी मी सांगितलंच नव्हतं. माझी प्रवासाची बिलं लाल पेननं गोल करून परत पाठवायचे. आमचं कधी पटलं नाही. मी सोडल्यावर महिनाभरानं एका रविवारी त्यांनी अर्धवट सोडवलेल्या शब्दकोड्याचा फोटो पाठवला : ‘आडवा १४ अडलाय.’ तेव्हापासून दर रविवारी कोडं येतं. एकमेकांच्या घरचं आम्हाला फारसं ठाऊक नाही. माझं उत्तर चुकलं की ते अजूनही लाल गोल करून परत पाठवतात.

जपणं म्हणजे तुम्हाला हे अभिप्रेत असेल, तर आपलं भांडण मिटलं. पण हे मी जपलं नाही, काकांचा चौदावा अडला म्हणून झालं.

तुमच्या प्रश्नाचा परिणाम म्हणून गुरुवारी ‘नवीन जागा कशी आहे’वालीला फोन केला. आवाज ओळखला तिनं, खूशही झाली. मग जरा थांबून म्हणाली, ‘काही काम होतं का गं?’

‘नाही,’ म्हटलं. ‘तीन वर्षांपूर्वी तू काहीतरी विचारलं होतंस, त्याचं उत्तर द्यायचं होतं.’