2 स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: सावळा चेहरा राखेसारखा का दिसला

नमस्कार, तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय की आमच्या डिजिटल पेंटिंगच्या कोर्समध्ये स्किनचे सगळे लेसन गोऱ्या चेहऱ्यावरच आहेत, त्याच स्टेप्स सावळ्या चेहऱ्यावर केल्या तर राख फासल्यासारखं दिसतं, आणि वर रेडीमेड स्किन पॅलेट (त्वचेच्या तयार रंगांचा संच) पण दिलेलं नाही.

पहिली तक्रार एकदम बरोबर आहे. चूक आमची आहे, तुमच्या हाताची नाही.

झालंय काय, तर हायलाइटसाठी आम्ही पांढरा ब्रश कमी ओपॅसिटीवर (म्हणजे अर्धपारदर्शक) मारायला सांगितला होता. गोऱ्या स्किनवर ते खपून जातं. पण समजा तुमचा बेस, म्हणजे त्वचेचा मूळ रंग, आरजीबी (लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी 0 ते 255) 110, 70, 50 आहे आणि त्यावर 40 टक्के पांढरा गेला तर होतं 168, 144, 132, म्हणजे सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) साधारण 55 टक्क्यांवरून थेट 21 वर येतं, आणि तीच ती राख. सावलीचंही तसंच, मल्टिप्लाय लेयरवर (खालचा रंग गडद करणारा थर) मधला, 50 टक्के करडा रंग लावला की लाल आणि निळ्यातलं 60 चं अंतर 30 वर येतं, आधीच गडद असलेल्या रंगात मग काही उरतच नाही, नुसता काळपट डाग दिसतो.

त्याऐवजी हे करून बघा. सावलीचा रंग पिकरमधून (रंग निवडायच्या चौकटीतून) स्वतः निवडा, ह्यू (रंगाची छटा) थोडा लालकडे सरकवा आणि सॅच्युरेशन वाढवा. उजेड आणि सावली जिथे भेटतात तिथे तर लाली मुद्दाम ठेवा, कारण प्रकाश त्वचेच्या आत शिरून पसरतो आणि बाहेर येताना त्यात लाल जास्त असतो (कानामागे उजेड धरला की कान लाल दिसतो ना, तेच कारण). हायलाइट लहान आणि ठळक ठेवा, गडद त्वचेवर चमक जास्त उठून दिसते, आणि ती चमक ज्या उजेडाची आहे त्याचाच रंग घेते, मोकळ्या आकाशाखाली निळसर, पिवळ्या बल्बखाली पिवळी. सावळा चेहरा रंगवायला मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतं ते याच चमकेमुळे, म्हणून तो कोर्समध्ये नव्हता याचं मलाच जास्त वाईट वाटलं.

पॅलेटचं मात्र मी मान्य करणार नाही. ते मुद्दाम दिलेलं नाही. संध्याकाळच्या निळ्या उजेडातल्या चेहऱ्यावर आयड्रॉपर (चित्रातला रंग उचलणारं टूल) लावून बघा, बऱ्याचदा पिकरमध्ये चक्क करडा रंग येतो, आणि तोच रंग चित्रात उबदार त्वचेसारखा दिसतो कारण आजूबाजूला सगळं त्याहून निळं असतं. रंगांचे आठ-दहा तयार ठोकळे हातात दिले असते तर प्रत्येक चित्रात तोच चेहरा, तोच उजेड आला असता.

सावली आणि हायलाइटचे दोन्ही लेसन मी नव्याने रेकॉर्ड करतेय, यावेळी सावळा आणि गडद असे दोन चेहरे घेऊन, आणि जुन्या सगळ्या विद्यार्थ्यांना ते त्यांच्या लॉगिनमध्ये फुकट मिळतील. तोपर्यंत तुमची लेयर असलेली फाइल मला कोर्सच्या इनबॉक्समध्ये पाठवा, फ्लॅट केलेली (सगळे लेयर एकत्र केलेली) नको, मी तुमच्याच चेहऱ्यावर हायलाइट आणि सावली दुरुस्त करून त्याचं स्क्रीन रेकॉर्डिंग पाठवते. आणि कोर्स नकोच असेल तर तेही तिथेच एका ओळीत कळवा, पूर्ण पैसे परत करू.