शेवटच्या सायकलचा वेग

परवाच्या रविवारी आम्ही चौदा जण पुण्याहून सायकलने बोपदेव घाटातून सासवड, कोडीत, नारायणपूर असं करून आलो. जाऊन-येऊन ८० ते ९० किलोमीटर. पहाटे साडेपाचला निघालो, घरी पोचले तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. फोटो टाकल्यावर ओळखीतल्या एका मुलाने लगेच विचारलं, "काकू, एवढा वेळ? सरासरी किती पडली?" त्याला तिथे दोन शब्दांत उत्तर दिलं नाही, कारण या सरासरी वेगाबद्दलच मला सविस्तर बोलायचंय.

मी ४७व्या वर्षी पुन्हा सायकल हातात घेतली. दोनच महिन्यांनी एका मोठ्या ग्रुपबरोबर याच घाटात गेले होते. मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलं होतं, नवीन लोकांचं स्वागत आहे. येवलेवाडी मागे पडली, चढ लागला, मी चढावरच जोर देऊन गिअर बदलला आणि चेन उतरली. ती बसवून, हात पुसून वर पाहिलं तर पुढे एकही लाल दिवा दिसेना. फोन केला. "या सावकाश, आम्ही वर थांबतो." वर पोचले तर तिथे कोणीच नव्हतं. एकटीच परत आले. त्यानंतर चार महिने सायकल गॅलरीत उभी होती. तेव्हा मी धरून चालले होते की आपल्याला झेपत नाही, दोष आपलाच. आज मला तसं वाटत नाही. चूक राइड नेणाऱ्यांची होती.

वेगाने चालवणाऱ्यांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला गाठायच्या सायकल राइड, करणारी मंडळी २०० किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत पुरी करतात, त्यामागे महिनोन्‌महिने मेहनत असते. तिथे ज्याचा त्याने स्वतःला सांभाळायचं, हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक असतं. पण 'सगळ्यांनी या' म्हणून बोलावलं, की त्या दिवसाचा वेग सगळ्यात मागच्या सायकलने ठरवायचा. माझं म्हणणं एवढंच आहे आणि त्यात मला तडजोड नको आहे.

आमच्यात सगळ्यात पुढे असतात ६३ वर्षांचे एक निवृत्त शिक्षक. लीडला मुद्दाम मध्यम वेगाचा माणूस ठेवतो. सगळ्यात मागे स्वीप, त्याच्याकडे पंप, दोन ट्यूब आणि टायर काढायचे लिव्हर. स्वीपने कुणाच्याही पुढे जायचं नाही. घाटात मात्र ज्याने त्याने आपापल्या दमाने चढावं, कारण चढावर दुसऱ्याच्या वेगाने चालवणं पायांना फार त्रासाचं होतं. माथ्यावर सगळे थांबतात. आता इथे एक गोष्ट बहुतेक ग्रुपांच्या लक्षातच येत नाही. पुढचे लोक पंधरा मिनिटं बसून ताजेतवाने झालेले असतात, आणि शेवटचा माणूस धापा टाकत पोचला की, "चला, आले सगळे!" म्हणून निघतात. म्हणजे सगळ्यात जास्त दमलेल्यालाच विश्रांती नाही! आम्ही शेवटची सायकल स्टँडवर लागल्यापासून दहा मिनिटं मोजतो. हा नियम लागू केल्यापासून आमच्या ग्रुपमधल्या बायका दुपटीने वाढल्या.

घाट संपला की भिवरी, चांबळी. हवाच बदलते. सप्टेंबरातला पुरंदर तालुका ज्यांनी फक्त गाडीच्या काचेतून पाहिला असेल त्यांनी एकदा सायकलवरून पाहावाच. वाटाण्याची तोडणी चाललेली, झेंडू दसऱ्याच्या तयारीला लागलेला, आणि बांधाबांधावर सीताफळाचे डोळे उघडायला लागलेले. इथल्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. त्याच्या बागा रस्त्याला इतक्या लगटून आहेत की पानांचा तो उग्रसर वास थेट नाकात जातो. सासवडला कऱ्हेकाठच्या संगमेश्वराच्या पायऱ्यांवर बसून आम्ही डबे उघडले. तिथून आत कोडीतकडे वळलो. आचार्य अत्र्यांचं हे जन्मगाव.

कोडीतच्या अलीकडे आमच्यातल्या १९ वर्षांच्या मुलाचं चाक बसलं. बाभळीचा काटा. पोरगा घाईने नवी ट्यूब घालायला निघाला होता, तेवढ्यात सरांनी त्याचा हात धरला. टायरच्या आतून सावकाश बोट फिरवायला लावलं. काट्याचं टोक रबरात तसंच मोडून राहिलेलं होतं, बाहेरून अजिबात दिसत नव्हतं. ते न काढता ट्यूब घातली असती तर पुढच्या वळणावर पुन्हा पंक्चर. यात अर्धा तास गेला. शेजारच्या रानात वाटाणा तोडणारी एक आजी हे सगळं बघत होती. "कुठनं आलाय?" "पुण्यातनं, आजी." "मग बसा की. दम खा." तिने ओंजळभर शेंगा माझ्या हातात ओतल्या, पैसे घेईना. त्या अर्ध्या तासाने आमची सरासरी पार खाली गेली असणार. मला तो अर्धा तास पूर्ण दिवसातला सगळ्यात मोलाचा वाटतो.

पुढे मेंढरांचा कळप आडवा आला. आम्ही सगळे उतरलो आणि कडेने चालत गेलो. मेंढरांजवळ घंटी वाजवली की ती बिथरून रस्ताभर पांगतात आणि मेंढपाळाला ती गोळा करत धावावं लागतं. हे रस्ते त्यांच्या रोजच्या कामाचे आहेत, आपण रविवारचे पाहुणे. म्हणून दोनपेक्षा जास्त सायकली शेजारी-शेजारी नकोत, मागून ट्रॅक्टर आला की एका रांगेत यायचं. एनर्जी जेलची रिकामी पाकिटं शेताच्या कडेला टाकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. आणि चहा घरून थर्मासमध्ये नेण्यापेक्षा गावातल्या टपरीवर घ्या, चार पैसे तिथे राहू द्या.

नारायणपूरला नारायणेश्वराच्या जुन्या दगडी मंदिरात थंडगार फरशीवर पाच मिनिटं पाय पसरले. मागे पुरंदर आणि वज्रगड ढगांत अर्धे बुडालेले. गडावर जायचा मोह सगळ्यांना झाला, पण दोघींच्या पायांत गोळे आले होते. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी पाजलं, आणि कुणी काही न बोलता परतीची तयारी केली. येताना रस्त्यावर सीताफळं घेतली. हँडलला पिशवी अडकवली की उतारावर ती चाकात जायची भीती असते, म्हणून ती सरांच्या कॅरिअरला बांधली.

फोटो पाहून विचारणाऱ्या त्या मुलाला उत्तर: सरासरी आम्ही काढत नाही. चौदा जण गेलो, चौदा जण आलो. पुढच्या रविवारी दिवे घाटाने जातोय आणि स्वीप मी आहे. तू ये. हवा भरून ये, एक जास्तीची ट्यूब आण, आणि दुपारी कुणाला वेळ देऊ नकोस.