‘पायाशी बसलेल्याला उठवू नये’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री आली. घाईत दोन ओळी लिहून मोकळं होता आलं असतं, पण तुम्ही लिहिलंय ते उडवून लावण्यासारखं नाही, म्हणून दोन दिवस घेतले. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कोकणात जाणाऱ्या रातच्या गाडीवरच्या माझ्या लेखात एक वाक्य होतं : ‘वेटिंगवाला पायाशी टेकला तर त्याला उठवू नये, तोही आपल्यासारखाच घरी निघालेला असतो.’ तुमचं म्हणणं, हे औदार्य पुरुषांना परवडतं. गेल्या डिसेंबरात तुम्ही अडुसष्ट वर्षांच्या आईंना घेऊन दादरहून कणकवलीला निघालात. आईंच्या लोअर बर्थवर पनवेलला दोन तरुण बसले ते चिपळूणपर्यंत हलले नाहीत. आई गुडघे पोटाशी घेऊन पडून राहिल्या. तुम्ही बोललात, तर समोरचे काका ‘जांवदे गो, आपलेच गांववाले आसत’ म्हणून तुम्हालाच गप्प करू लागले. शिवाय तुमचे आणखी तीन आक्षेप आहेत : माझ्यासारखे नेहमीचे प्रवासीच डब्याची शिस्त बिघडवतात, स्लीपरचे गोडवे गाण्यापेक्षा लोकांनी चार पैसे जास्त देऊन एसीने जावं, आणि पावसाळ्यात गाडी रेंगाळते त्याचंसुद्धा मी कौतुक केलं आहे.

आईंच्या बाबतीत जे घडलं त्यावर माझ्याकडे बचाव नाही. मी चुकीचं लिहिलं होतं.

ते वाक्य माझ्या मनात कुठून आलं तेवढं सांगतो. वडील कुडाळजवळ गावी एकटे असतात. मी अकरा वर्षं जवळजवळ दर महिन्याला ठाण्याहून रात्री गाडी धरतो आणि सकाळी कुडाळला उतरतो. चारेक वर्षांपूर्वी मला साईड लोअर मिळाली होती. ठाणे सोडल्यावर दाराकडून एक चाळिशीतला माणूस आला. मुंबईच्या हॉस्पिटलातून बायकोला घरी नेत होता. तिची जागा कन्फर्म होती, त्याचं तिकीट वेटिंगवरच राहिलं होतं. साईड लोअरच्या दोन खुर्च्या खाली पाडून बर्थ होतो, मधे एक फट राहते, तिच्यावर मी शाल दुमडून घालत होतो. त्याने विचारलं, ‘दादा, कडेला टेकू का? ती समोरच आहे, उठली तर दिसली पाहिजे.’ मी बर्थ परत उचलून खुर्च्या केल्या. रात्रभर तो समोरच्या खुर्चीत एक्स-रेचं भलंमोठं पाकीट मांडीवर उभं धरून बसला. दुमडलं तर फोटो खराब होईल म्हणून त्याने ते एकदाही आडवं ठेवलं नाही. चिपळूणला चहा आला तेव्हा पहिला कप त्याने माझ्या हातात दिला.

ही एक रात्र मनात ठेवून मी सगळ्यांसाठी नियम लिहिला, आणि तिथेच चुकलो. त्या माणसाने विचारलं होतं आणि मला नाही म्हणता आलं असतं. मी पन्नाशीतला धडधाकट पुरुष, अंधारात पायाशी कोण बसलंय याची धास्ती मला कधी घ्यावी लागत नाही. तुमच्या आईंना कुणी विचारलं नाही, आणि एकट्या बाईला ती धास्ती घेऊनच पडावं लागतं. हे माझ्या लक्षात यायला तुमची प्रतिक्रिया वाचावी लागली, याचं मला वाईट वाटतं.

लेखातलं ते वाक्य मी काढलं आहे. त्या जागी आता जे नियमात आहे तेच लिहिलं आहे. रात्री दहा ते सकाळी सहा हा झोपायचा वेळ, त्या वेळात बर्थ ज्याच्या नावावर त्याचाच. साईड अप्परवाल्यालासुद्धा त्या वेळात खालच्या बर्थवर हक्क सांगता येत नाही. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्टनंतरही पूर्ण वेटिंगवर राहिलं तर आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात, ते घेऊन गाडीत चढणारा विनातिकीटच धरला जातो. खिडकीवरचं वेटिंग तिकीट असेल तर जनरल डब्यात जाता येतं, आरक्षित डब्यात नाही. टीसी दिसत नसेल तर १३९ ला फोन लावा किंवा रेल मदद ॲपवर डबा आणि बर्थ नंबर टाका. ‘गाववाले’ म्हणून कुणी गप्प करायला लागलं तर जरूर फोन लावा. गाववाला असेल तर त्याला म्हातारीचे गुडघे आधी दिसायला हवेत.

आता एसीचं. इथे मात्र मला तुमचं पटत नाही.

‘चार पैसे जास्त’ असं तुम्ही लिहिलंत, ते चार पैसे नाहीत. थ्री टियर एसीचं भाडं स्लीपरच्या साधारण अडीचपट पडतं. माझ्यासारख्याला वर्षातून एकदा ते जमेलही, पण बारा वेळा जाऊन-येऊन करायचं म्हटलं की हिशोब बदलतो. माझ्या वडिलांसारख्यांना तर मार्च २०२० पर्यंत ज्येष्ठ नागरिक म्हणून भाड्यात ४० टक्के सवलत होती, बायकांना ५० टक्के. ती बंद झाली ती झालीच. मिलमधून निवृत्त झालेला माणूस डोळ्यांच्या तपासणीसाठी मुंबईला येतो तेव्हा त्याला स्लीपरचं तिकीटही हातात धरून बघावं लागतं.

आणि या डब्यात कोण असतं ते तुम्हीही पाहिलंय. सोसायटीच्या गेटवर रात्रपाळी करणारा, बाराव्याला निघालेला, भावाच्या घरभरणीला मिक्सरचं खोकं घेऊन निघालेली बहीण. मे महिन्यात परतीच्या गाडीत बर्थखाली आंब्याच्या पेट्या, सोलांची पिशवी, कुळथाचं पीठ. माझे वडील चाकरमानी असताना कधी बोटीने वेंगुर्ल्याला, कधी एसटीने कशेडी घाटातून हाडं खिळखिळी करत वर्षातून एकदा घरी यायचे. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि शुक्रवारी रात्री निघून सोमवारी सकाळी परत कामावर हजर होणं आमच्या पिढीला शक्य झालं. ते शक्य झालं स्लीपरच्या भाड्यात. हा डबा वाईट आहे म्हणून परवडणारे एसीत गेले, तर उरलेल्यांसाठी भांडायला कोण राहणार? संडासात पाणी नाही ही तक्रार तुमच्यासारखी लिहिती-बोलती माणसं करतात म्हणून निदान नोंदवली तरी जाते.

ते दोन तरुण आईंच्या पायाशी का बसले, याचं मूळही इथेच आहे. मी त्यांची बाजू घेत नाही. पण नव्या, एलएचबी बनावटीच्या स्लीपर डब्यात ८० जागा असतात, जुन्या डब्यात ७२ होत्या. गणपतीत, होळीत, मे महिन्यात मागणी याच्या किती पट असते ते आरक्षण उघडतं त्या सकाळी कळतं. पूर्वी १२० दिवस आधी तिकीट काढता यायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं, तरी त्या सकाळचं चित्र तेच : आठ वाजता बसावं आणि काही मिनिटांत वेटिंग दिसावं. गाड्या वाढवा म्हणावं तर मार्ग अजून बहुतेक एकेरी. रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा तुकडा ऑगस्ट २०२१ मध्ये दुहेरी झाला, त्यापुढे समोरून गाडी आली की एकीने स्टेशनात थांबायचं. म्हणून मागणी करायची ती दुसऱ्या रुळाची आणि स्लीपरच्या जादा डब्यांची. एसीच्या भाड्याने ही गर्दी मिटत नाही, ती जनरलच्या दारात जाऊन लोंबकळते.

पावसाबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मला सगळ्यात जास्त लागलं, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

‘पावसाळी वेळापत्रक म्हणजे उशिराला दिलेलं गोंडस नाव’ असं तुम्ही म्हणता. ताई, तुम्ही कणकवलीच्या. २२ जून २००३ ची रात्र तुमच्या घरात कुणाला ना कुणाला आठवत असेल. वैभववाडीजवळ दरड खाली आली आणि कारवारहून मुंबईला निघालेली हॉलिडे स्पेशल रुळावरून गेली. पन्नासहून जास्त माणसं दगावली. वर्ष होत नाही तोच, १६ जून २००४ ला, करंजाडीजवळ आंबवलीच्या पुलावर दरडीच्या दगडांमुळेच मत्स्यगंधा एक्सप्रेस घसरली. दोन्ही जूनमधल्या, पहिल्या जोराच्या पावसातल्या. आमचे डोंगर म्हणजे वर कातळ आणि मधे लाल माती. उन्हाळाभर तापलेल्या मातीत पाणी मुरलं की कटिंगच्या, म्हणजे रुळासाठी कापलेल्या डोंगराच्या, भिंतीतला दगड सुटतो. त्यानंतर कटिंगना लोखंडी जाळ्या आल्या, उतार कमी केले गेले, गस्त वाढली, आणि पावसाळ्यात गाडीचा वेग उतरला. पाऊस इतका झाला की समोरचं दिसेना, तर ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने चालवायची नाही, अशी चालकाला सूचनाच असते. चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवली अशा स्टेशनांवर पाऊस मोजायची यंत्रं आहेत, सावित्री आणि वाशिष्ठीच्या पुलांवर पुराची सूचना देणारी यंत्रणा आहे. रत्नागिरीजवळच्या ६४ मीटर उंच पानवल पुलावर वाऱ्याचा वेग मोजतात. वेळापत्रकात वाढलेला वेळ या सगळ्यासाठी आहे. आणि एवढं करूनही जुलै २०२४ मध्ये खेडजवळ दिवाणखवटीला बोगद्याच्या तोंडाशी माती आलीच.

एका जुलैत राजापूरच्या पुढे आमची गाडी पाऊण तास उभी होती. पहाटेचे पाच वाजले असतील, डबा झोपलेला, खिडक्या खाली ओढलेल्या, पत्र्यावर पावसाचा आवाज. मी काच वर केली तर रुळाच्या कडेला रेनकोट घातलेला एक माणूस हातदिवा घेऊन उभा. दिवा त्याने रुळावर धरला नव्हता. वर दरडीकडे धरला होता आणि भिंतीवरून उतरणाऱ्या पाण्याकडे एकटक बघत होता. मी विचारलं, ‘काय झाला?’ तो मान न वळवता म्हणाला, ‘काय नाय. पाणी नितळ येता काय गढूळ, ता बघतंय. गढूळ येवक लागला तर गाडी सोडूची नाय.’ मग तो दहा पावलं पुढे गेला आणि परत दिवा वर धरून उभा राहिला. आम्ही कुडाळला दोन तास उशिरा पोचलो. त्या दोन तासांबद्दल मी जे लिहिलं होतं ते कौतुकच होतं, आणि त्यातला एकही शब्द मी मागे घेणार नाही.

नेहमीच्या प्रवाशांबद्दलचा तुमचा राग काही अंशी योग्य आहे. पनवेलपर्यंत मोठ्याने गप्पा, दिवे चालू, मोबाईलवर भजन, हे मी पाहतो आणि पुष्कळदा बोलतही नाही. यापुढे बोलेन.

शेवटी आईंच्या तिकिटाचं, कारण मला वाटतं तुमची निम्मी अडचण तिथे सुटेल. स्लीपरच्या प्रत्येक डब्यात सहा-सात लोअर बर्थ साठ वर्षांवरचे पुरुष, पंचेचाळीस वर्षांवरच्या बायका आणि गरोदर बायका यांच्यासाठी राखीव असतात. पण तो कोटा एकट्याने किंवा दोघांनीच प्रवास केला तर लागू होतो. चार-पाच जणांच्या एकाच तिकिटात आईंचं नाव घातलंत तर त्यांना मिडल किंवा अप्परसुद्धा येऊ शकते. म्हणून त्यांचं तिकीट वेगळं काढा आणि कोटा निवडायच्या जागी ज्येष्ठ नागरिकांचाच निवडा. एकट्या निघालेल्या बायकांसाठीही स्लीपरमध्ये सहा जागांचा कोटा आहे, तो तुमच्या कामाचा. बर्थचा नंबर आला की आठने भागा. बाकी एक किंवा चार उरली तर खिडकीकडची पूर्ण लांबीची लोअर, सात उरली तर साईड लोअर. आईंना साईड लोअर आली तर बदलून मागा, मधल्या फटीने कंबर धरते. आणि एकच लोअर मिळाली तर तुम्ही त्यांच्याच वरची मिडल घ्या. तुमचा हात त्यांच्यापर्यंत पोचतो हे समोरच्याला दिसलं तरी पुरतं.

उतरताना एक लक्षात ठेवा. फोनवरचा गजर बोगद्यांच्या पट्ट्यात ऐकू येतोच असं नाही. साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा लागला की कान दडे बसल्यासारखे होतात आणि चार-पाच मिनिटं तसेच राहतात. तो गेला की रत्नागिरी. तिथून झोपायला अजून वेळ आहे. वैभववाडी गेली की मात्र आईंना उठवा, नांदगावला सामान दाराशी आणा. कणकवलीला गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते आणि आईंच्या गुडघ्यांना दारापर्यंत यायला त्याहून जास्त वेळ लागेल.