मामा, ते इंजेक्शन घरी आणू नका

काल रात्री घरच्या ग्रुपवर मामांचा फॉरवर्ड आला. अपघातात कितीही रक्त वाहू दे, 'क्लॉटिंग फॅक्टर'चं एक इंजेक्शन दिलं की पाच मिनिटांत थांबतं. जखम दाबू नका, रक्त आत साचतं. रक्त चढवायची गरज नाही, दुष्परिणाम शून्य, डॉक्टर मुद्दाम सांगत नाहीत. खाली मामांचा प्रश्न: "दोन आणून ठेवू का?"

मी रक्तपेढीत काम करतो, त्यामुळे उत्तर द्यायची पाळी माझ्यावरच.

आधी ते 'दाबू नका'. हे लिहिणाऱ्याला समोर बसवून विचारावंसं वाटतं, की मांडीची मोठी धमनी फाटली तर माणूस किती मिनिटं टिकतो, ठाऊक आहे का? फॅक्टर म्हणजे रक्तातली प्रथिनं. ती एकापाठोपाठ एक कामाला लागतात आणि शेवटी फायब्रिन नावाच्या धाग्यांचं जाळं विणलं जातं. पण जोरदार धारेत ते जाळं धरतच नाही, वाहून जातं. दाबल्यावर धार मंदावते, तेव्हा कुठे गुठळी जागेवर बसते. शिवाय जखमी माणूस गार पडलेला असतो, रक्तातलं आम्ल वाढलेलं असतं. रक्ताचा पीएच (आम्ल वाढलं की हा आकडा उतरतो) ७.४ वरून ७.० वर आला की सक्रिय फॅक्टर सात या अशाच एका प्रथिनाची ताकद प्रयोगशाळेत ९० टक्क्यांहून जास्त घटलेली दिसते. फाटलेली नस शिवायला सर्जनच लागतो.

'दुष्परिणाम शून्य'? २०२३ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात फ्रान्समधल्या १२ ट्रॉमा केंद्रांचा अभ्यास आला. गंभीर रक्तस्राव झालेले ३२४ जखमी. निम्म्यांना फॅक्टरांचं मिश्रण (पीसीसी), निम्म्यांना नुसतं सलाइन. पहिल्या २४ तासांत रक्त आणि प्लाझ्मा दोन्हीकडे जवळपास सारखाच लागला. मात्र नको तिथे गुठळ्या पीसीसीवाल्यांपैकी ३५ टक्क्यांना झाल्या, सलाइनवाल्यांपैकी २४ टक्क्यांना. म्हणजे 'रक्त चढवायची गरज नाही' हेही यातच निकालात निघालं. तांबड्या पेशी ऑक्सिजन नेतात, फॅक्टर नेत नाही.

बरं, एक गोष्ट मान्य करतो. हिमोफिलियाच्या, म्हणजे जन्मतःच एखादा फॅक्टर कमी असलेल्या रुग्णाला मार लागला तर त्याचा फॅक्टर ताबडतोब द्यावाच लागतो, आणि तो घरच्या फ्रिजमध्ये असतोही. रक्त गोठू नये म्हणून वॉर्फरिन हे औषध घेणाऱ्याला जिवावरचा रक्तस्राव झाला तर पीसीसी खरोखर कामी येतं. ज्यांच्यात उणीव आहे, त्यांचं औषध या मेसेजने सगळ्या जगाला वाटून टाकलंय.

डॉक्टर लपवतात म्हणे. अपघातानंतर तीन तासांच्या आत ट्रानेक्सामिक ॲसिड देतात. २०१० साली २० हजारांवर जखमींवर तपासून पाहिलेलं, मृत्यू थोडे का होईना कमी करणारं. तो फॅक्टर नव्हे, झालेली गुठळी विरघळू न देणारं औषध. यात लपवण्यासारखं काय आहे?

आणि मामा, फॅक्टरच्या कुपीत बहुधा कोरडी पावडर असते. द्रावण घालून हळूहळू फिरवायची, जोरात हलवली की फेस होतो. मग शिरेत द्यायची. रक्त गेलेल्या माणसाची शीर आम्हालासुद्धा पटकन सापडत नाही.

"मग गाडीत काय ठेवू?" सकाळी त्यांनी विचारलं. स्वच्छ जाड कापड. जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी दाबायचं, आणि थांबलं का बघायला उचलायचं नाही. भिजलं तर त्यावरच दुसरं.