सादळलेला कॅट

पत्त्यांची हातचलाखी शिकायची असेल तर ती ऑक्टोबरनंतर शिकावी. गोव्यात जूनमध्ये कॅट उघडला, की थोड्याच वेळात एक्का दुर्रीला बिलगतो. चांगल्या कागदी पत्त्यावर बारीक खळगे उठवलेले असतात. त्यांत हवा राहते, म्हणून पत्ता पत्त्यावरून घसरतो. आपल्याकडे तिथे घाम आणि दुपारच्या माशांच्या हुमणाचा अंश जाऊन बसतो. प्लास्टिकचे पत्ते सादळत नाहीत हे खरे, पण ते इतके निसटते, की दोन पत्ते एक म्हणून धरायचे म्हणजे शिक्षाच.

आणि सगळा पाया तर तोच, डबल लिफ्ट. कॅट डाव्या हातात. अंगठा डाव्या कडेवर, तर्जनी पुढच्या आखूड कडेला, बाकीची तीन बोटे उजवीकडे. उजव्या अंगठ्याने आपल्याकडचा कोपरा उचलून वरचे दोनच पत्ते सुटे करायचे आणि त्यांच्याखाली डाव्या करंगळीच्या टोकाचे जरासे मांस अडकवायचे. ही फट समोरून दिसता कामा नये. मग दोन्ही पत्ते कडा जुळवून एकदम उलटायचे. पावसाळ्यात अंगठा म्हणतो दोन, येतात तीन. दाखवायची असते बदामची राणी, निघते किलवरची सत्ती. आणि आपण चेहऱ्यावर विजयी हसू आधीच आणून ठेवलेले असते!

पत्ता तळहातात लपवणे त्या मानाने सोपे, असे पुस्तकी लोक म्हणतात. एक कोपरा करंगळीच्या टोकाच्या पेराशी, तिरका समोरचा अंगठ्याच्या बुडाशी, हात किंचित गोल. पत्ता लपतो, हात लपत नाही. अंगठा ताठ उभा राहतो, बोटांच्या फटींतून पांढरी किनार डोकावते, आणि हात लुळा पडल्यासारखा लोंबतो. त्याला काम द्यावे: पेला उचलावा, चष्मा सावरावा. दमट हवेत पत्ता पडायची भीती नसते. पण परत कॅटवर ठेवायला जावे, तर तळवा सोडत नाही.

फॅरो या पत्ते पिसण्याच्या प्रकाराचे तर नावच काढू नये. 26-26 पत्ते एकाआड एक गुंफायचे, वरचा वर आणि खालचा खाली ठेवून आठ वेळा केले की कॅट मूळ क्रमावर येतो. कडा फुगल्या, की पहिल्याच गुंफणीला दोन्ही अर्धे एकमेकांवर नुसतेच आपटतात.

हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, हात धुऊन खडखडीत कोरडे, एवढे तरी करावेच. अंगाला लावायची पावडर पत्त्यांना चोळू नये, घामात तिचा लगदा होतो. जादूगार वापरतात ती झिंक स्टिअरेटची भुकटी, तीही चिमूटभर.

एवढे करून दाखवायचे कुणाला? मांडवीतल्या कॅसिनोंत गोवेकरांना 2020 पासून खेळायला मनाई, म्हणजे पकडले जाण्याचा मानही नाही. उरतात चवथीला रात्रभर पत्ते कुटणारे काका. त्यांना विनोद सांगा, डोळ्यांत डोळे घाला, त्यांची नजर काही हातावरून हलत नाही.

“छान हां. आता जरा ती करंगळी सरळ कर बघू.”