फ्रेंच आटे

पुण्यात वाढलेल्या माणसाला सायकलीतलं कोणी काही शिकवू नये, असा माझा समज होता. तो मोडायला तीनशे साठ युरो लागले. त्यातले साठ सायकलीचे, बाकीचे समजाचे.

लिऑनमध्ये उन्हाळा लागला की गल्लोगल्ली 'व्हिद-ग्रेनिये' भरतात. शब्दशः अर्थ, माळा रिकामा करणे. आपल्याकडे माळा फक्त भरायचा असतो, त्यामुळे अशा बाजारात मी हात मागे बांधून, प्रदर्शनाला आल्यासारखा फिरतो. पण त्या रविवारी एका आजोबांनी टवके उडालेल्या बश्या आणि भुसा भरलेला कोल्हा यांच्या मधोमध एक सायकल टेकवून ठेवली होती. पांढरी प्यूजो, सत्तरच्या दशकातली, दहा गिअरची, मेंढ्याच्या शिंगांसारख्या हँडलची. बेर्नार तेव्हनेने १९७५ साली प्यूजोवरून तूर द फ्रान्स जिंकून एडी मेर्क्स या बेल्जियन शर्यतपटूची सद्दी संपवली, हे मला पाठ होतं. म्हणजे आदल्या आठवड्यात वाचलं होतं. ही त्याच घराण्यातली, एवढ्यावरच मी विरघळलो.

"हवा भरा आणि निघा," आजोबा म्हणाले. घराच्या जाहिरातीतल्या 'स्टेशनपासून पाच मिनिटं'वर जितका विश्वास ठेवावा तितकाच याच्यावर ठेवायचा असतो, हे मला नंतर कळलं.

आमचं घर क्रोआ-रूसच्या टेकडीवर, रेशीम विणणाऱ्यांच्या जुन्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर. उंच जकार्ड माग मावावेत म्हणून छतं चार मीटर उंच ठेवलीयत. लिफ्ट मावावी म्हणून काहीच ठेवलेलं नाही. सायकल खांद्यावर घेऊन मी दारात पोचलो तेव्हा हिने आधी सायकलीकडे पाहिलं, मग तिच्यावरच्या सिंहाकडे.

"हा आपल्या मिरीच्या चक्कीवरचाच ना?"

मला हेच हवं होतं. मी दम खात सांगायला लागलो की या लोकांनी आधी करवती केल्या, मग कॉफीच्या चक्क्या, १८८२ पासून सायकली, मग मोटारी, आणि तो सिंह मुळात करवतीच्या दातांसाठी...

"चक्की चालते," ती म्हणाली आणि आत गेली.

मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबांची नोकरी ॲटलासवर झाली. दर दिवाळीच्या आधीच्या रविवारी अंगणात वर्तमानपत्र पसरलेलं, थाळीत रॉकेल, रॉकेलमध्ये छर्रे, आणि संध्याकाळी एक छर्रा कमी. त्यांनी मला फोन पेडलपाशी धरून पेडल फिरवायला लावलं, डोळे मिटून ऐकलं आणि निकाल दिला, "कॉटर गेलीय." कॉटर म्हणजे पेडलची दांडी एक्सलवर पक्की धरणारी पाचर. आणि हे निदान जवळपास सात हजार किलोमीटरवरून! पुढच्या महिन्यात मावसभाऊ आला, त्याच्याबरोबर थालीपिठाची भाजणी आणि डझनभर कॉटर पिना आल्या. भाजणी उत्तम होती. पिना साडेनऊ मिलिमीटरच्या होत्या आणि भोक नऊचं.

"कानस मार," बाबा म्हणाले. दोन पिना नासवल्यावर मी इथल्याच नऊच्या विकत आणल्या. हे बाबांना अजून सांगितलेलं नाही.

ही अर्ध्या मिलिमीटरची खोड सायकलीच्या अंगभर होती. हँडलचा खुंट जगभर २२.२ मिमी, हिचा २२. पेडलचे आटे बाहेर इंचात, नऊ सोळांश. हिचे चौदा मिमी. ज्या देशाने १७९५ साली मीटर कायद्यात बसवला, तो इमानाने मिलिमीटरमध्ये सायकली करत राहिला, आणि बाकीचं बरंचसं जग इंग्रजांच्या इंचावर गेलं. तत्त्वाने फ्रेंचच बरोबर आहेत. फक्त स्पेअर पार्ट तत्त्वाने मिळत नाहीत.

मधेच पेडलांनी एक दुपार खाल्ली. एकावर 'डी' कोरलेला, दुसऱ्यावर 'जी'. डी म्हणजे डावा, यात मराठी माणसाला शंका येण्याचं कारणच नाही. फ्रेंचमध्ये डी म्हणजे 'द्र्वात'. उजवा.

पण खरा अध्याय बीबी कपाचा. पेडलांचा आडवा एक्सल ज्या दोन वाट्यांत फिरतो, त्यातली उजवी वाटी निघेना. व्हिडिओतला इंग्रज मेकॅनिक छातीठोकपणे सांगत होता की उजवीकडे उलटे आटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवा म्हणजे सुटेल. मी फिरवलं. तेल सोडून रात्रभर ठेवलं, सकाळी फिरवलं. हिच्या हेअर ड्रायरने तापवून फिरवलं. शेवटी पान्याच्या दांड्यावर व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप चढवून त्यावर लोंबकळलो. पाइप वाकला, पण वाटी तसूभर हलली! त्या आनंदात आम्ही दोघांनी चहा घेतला.

दोन आठवड्यांनी मी हरलो आणि सायकल घेऊन एका सार्वजनिक दुरुस्तीघरात गेलो. वर्गणी भरायची, त्यांची हत्यारं वापरायची, हात आपलेच काळे करायचे, अशी ती सोय असते. तिथे गळ्यात दोरीने चष्मा अडकवलेल्या एक आजी होत्या. त्यांनी वाटीभोवतीचे माझे ओरखडे बोटाने चाचपले आणि विचारलं, "तुम्ही इंग्रज आहात का?"

हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी विचारत होतं.

मग कळलं की या फ्रेंच सायकलीला दोन्ही बाजूंना सरळच आटे. दोन आठवडे मी वाटी सोडवत नव्हतो, आवळत होतो. आम्ही चहा घेतला तो वाटी आणखी पक्की बसल्याबद्दल. ती काढायला एक लांब लोखंडी पाइप, आजी आणि दोन धडधाकट विद्यार्थी लागले. "बसवताना जीव खाऊन आवळा," आजींनी बजावलं. "पेडल मारताना ही सुटायच्याच बाजूला सरकत असते. इंग्रजांनी उलटे आटे उगाच नाही दिले."

एवढं सगळं भोगलेला माणूस ती वाटी पुन्हा जीव खाऊन आवळेल? पुढच्या वेळी निघायला नको? मी नवं ग्रीस भरलं, वाटीत अकरा-अकरा छर्रे मांडले आणि अगदी बेताने, मायेने आवळली.

पुढच्या रविवारी निघालो. उतारावर ब्रेक मारला. हिचे ब्रेक क्लेरमाँ-फेराँच्या माफाकचे. थांबवतात छान, पण किंचाळतात. सगळी क्रोआ-रूस खिडकीत आली. नदीकाठाच्या सपाट रस्त्याला लागल्यावर मात्र सायकल अशी काही पळाली की मी तेव्हने झालो. दहाएक किलोमीटर तेव्हनेच होतो. मग पायाखाली काहीतरी डुगडुगायला लागलं, आणि मागे रस्त्यावर टप टप असा बारीक आवाज आला.

उतरून पाहिलं. उजवी वाटी बाहेर सरकली होती. बोट लावलं तर गोल फिरत होती, बरणीच्या झाकणासारखी.

बाबांना फोन लावला. पुण्यात जेवणं उरकली होती.

"कॉटर?"

"नाही. वाटी. आपोआप सुटली."

"ती? हाताने फिरतेय?"

"एका बोटाने."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "छर्रे मोजून घे."

सोन नदीच्या काठावर गुडघे टेकून, येणाऱ्या-जाणाऱ्यांना "पार्दों, पार्दों" म्हणत मी ते एकेक करून वेचले, रुमालावर ठेवले आणि दोनदा मोजले.

दहा.